आठ घरं, एक चूल

कुपवाडच्या वर्कशॉपात फोन आला, "अक्का गेल्या." आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता रविवारची बैठक टळली! महिना होत आला, अजून लाज वाटते. आमची सामायिक चूल ठेवायची की मोडायची, ते त्या बैठकीत ठरणार होतं. आणि मोडायला सुरुवात मीच केली होती.

माधवनगरची कापडगिरणी बंद पडली तेव्हा आम्ही आठ कुटुंबांनी मिळून जागा घेतली. घरं आठ, स्वयंपाकघर मात्र एकच, हा हट्ट आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या अक्कांचा. त्या कोयनानगरच्या. भूकंपात घर पडल्यावर पत्र्याच्या शेडात सगळ्यांचं एकत्र शिजायचं. "तवा कुणी जात इचारली न्हाई रं, जेवलास का एवढंच इचारलं," असं सांगायच्या. आमची वसाहत त्या शेडातूनच निघाली म्हणा ना. पण रांधायची पाळी आठांतल्याच एका घरच्या शेवंताची असली, की तिच्या जातीवरून माझी आई उपाशी राहायची. मला बघवेना. पडवीत भिंत घालून मी वेगळी चूल मांडली. अक्का बघत उभ्या राहिल्या. "आईला घाल बाबा जेवायला. पण शेवंताला मी काय सांगू?" माझं डोकं फिरलं. "तुमचं तुम्ही बघा!" म्हणालो... त्यानंतर दोन वर्षं अबोला. माझं बघून आणखी दोन घरांनी विटा आणून टाकल्या.

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. पण आमच्यात शेजारी कोण? सामायिक चूल सगळ्यांचीच, म्हणून ती विझलेली. स्मशानातून परतलो तर पोरं भुकेनं रडत होती, बाया अंगणात बसलेल्या. वेगळी चूल एकट्या माझ्या पडवीत, पण तिकडे कुणी बघेना. मागायचं कुणी, आणि मी द्यायचं कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात आईनं पडवीतली चूल पेटवली, मोठं पातेलं चढवलं. पीठ मळता मळता थांबली आणि हाक मारली, "शेवंता, हिकडं ये गं. एवढ्या भाकऱ्या माझ्यानं व्हायच्या न्हाईत." शेवंता जागची हलेना. शेवटी ती उठली, भाकऱ्या थापायला बसली. सगळ्यांचं झाल्यावर आईनं तिच्या हातची भाकरी मोडून तोंडात घातली आणि हमसून रडली. "अक्का असताना का न्हाई गं खाल्ली मी?"

रविवारी मी पहार घेऊन भिंत पाडली. दोघं मदतीला आले.

जेवणं आटोपली, की पातेलं झाकायच्या आधी अक्का दारोदार विचारत फिरायच्या, "कुणी राहिलं का रं जेवायचं?" आता आई फिरते. पहिलं दार शेवंताचं.