पानथरी काढल्यानंतर

माझा मोठा भाऊ आमच्या गावी, रानशेतला, चिकूच्या झाडावरून पडला, तेव्हा त्याचं एकही हाड मोडलं नाही. खाली बांधाचा दगड होता, त्यावर डावी कूस आपटली. थोडा वेळ तो तसाच बसला, पाणी प्यायला, उठून चालायलाही लागला. तासाभरात मात्र पांढराफटक पडला. सीमेपलीकडे गुजरातेतल्या मोठ्या इस्पितळात नेलं. पोटात डाव्या बरगड्यांखाली असते ती पानथरी फुटली होती. ती काढली, म्हणून दादा वाचला.

घरात शिकलेला मी एकटाच, बोर्डीच्या शाळेत मास्तर. म्हणून डॉक्टरांनी मलाच बाजूला घेतलं. मराठी-गुजराती मिसळून ते सावकाश सांगत होते.

"काही जंतूंच्या अंगावर बुळबुळीत कवच असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धरायला गेल्या की ते निसटतात. पानथरीत रक्त हळूहळू गाळलं जातं, तिथे ते सापडतात. यांच्याकडे आता ती जागाच नाही. लसी घ्या, म्हणजे शरीराला हे जंतू आधीपासून ओळखीचे होतील. आणि ताप आला, अगदी साधा वाटला तरी वाट बघायची नाही. लगेच दवाखान्यात न्यायचं."

मी मान डोलावली. गाडीत वहिनीने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"पानथरीशिवाय माणूस जगतो. फक्त लसी घ्यायच्यात."

तापाचं बोललो नाही. आधीच ती थरथरत होती. म्हटलं, सावकाश सांगू.

एक लस तिथेच दिली होती. दुसरीसाठी मीच दादाला घेऊन गेलो. तिसरी बाहेरून मागवावी लागणार होती. दादा म्हणाला, "मी ठणठणीत आहे, आणखी सुया कशाला?" मीही जोर केला नाही. दोन पावसाळ्यांत दादा पुन्हा झाडावर चढायला लागला आणि आम्ही सगळेच ते आजारपण विसरलो. मीसुद्धा.

शाळेच्या तपासणीच्या दिवशी सकाळी आठला वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, यांना हुडहुडी भरलीय. दोन गोधड्या घातल्या तरी थांबत नाही."

"ताप असेल. पॅरासिटामॉल द्या. तपासणी संपली की येतो मी."

दुपारी तपासणीला आलेले साहेब जेवायला बसले होते, तेव्हा दुसरा फोन आला. "पायांवर जांभळे डाग उठलेत. मला ओळखत नाहीत हो."

तेव्हा मला गुजरातेतल्या त्या डॉक्टरांचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. हातातला पाण्याचा तांब्या मी कुठे ठेवला, कळलं नाही.

शेजाऱ्यांनी दादाला जीपमधून डहाणूला आणलं, मी मोटरसायकलने थेट तिथे पोचलो. त्याची बोटं गार आणि निळसर पडली होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही ऑपरेशन?"

"पानथरी काढलीय."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. इंजेक्शनं दिली, दोन्ही हातांना सलाइन लावलं. नंतर दाराशी येऊन म्हणाले, "जंतू रक्तात फार वाढलेत. शरीर सगळी ताकद लावून लढतंय, पण त्या लढण्यातच रक्तवाहिन्या झिरपायला लागल्यात. बारीक नसांत रक्त गोठतंय, ते डाग त्याचेच."

"सकाळी आणलं असतं तर?"

ते म्हणाले, "सकाळी काहीतरी हातात होतं."

मोठ्या इस्पितळाकडे नेताना, दिवस मावळायच्या आत, अँब्युलन्समध्येच दादा गेला. मी त्याचा पाय धरून बसलो होतो. पाय आधीपासूनच गार होता, त्यामुळे नेमकं कधी ते मला कळलंच नाही.

बाराव्याच्या दिवशी वहिनी पडवीत माझ्यासमोर येऊन बसली.

"डहाणूचे डॉक्टर म्हणाले, ताप आल्याबरोबर आणायला हवं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"घाबरले असते," ती म्हणाली, "आणि घेऊन गेले असते."

मग ती उठली आणि पंगतीला भात वाढायला गेली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. मुलांचं अंग जरा कोमट लागलं तरी त्यांना घेऊन दवाखान्यात जाते. मला विचारत नाही.