काकांच्या रिबिनीची फुलं

उघडी वस्तू दिसली की ज्याच्या जिवाची तगमग होते असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका बोटीवर वाढपी होते. नाताळात साहेबांच्या भेटी बांधता बांधता ते रिबिनीची फुलं करायला शिकले. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, काकांची नोकरी सुटली, आणि ते तारकर्लीला परतले ते ट्रंकभर रिबिनी घेऊन. मावशी कपाळाला हात लावून म्हणे, "लोकांचे घोव बोटीवरसून सोना हाडतत, माझ्यान चिंदये हाडल्यान!"

मग काय विचारता! शेजारी फणस जायचा तो देठाला लाल फूल बांधून, खरवस जायचा तो गुलाबी फूल लावून. घाटावरून बदलून आलेल्या मास्तरांना त्यांनी निळ्या फुलाचा असा देखणा पुडा दिला, की शुद्ध शाकाहारी मास्तरांनी तो मिठाई समजून देवापुढे ठेवला. आत सुके बांगडे आहेत हे शेवटी मांजरांनी उघड केलं. काकांना त्याचं काही नाही. "ता रवांदे, फूल कसा होता ता सांगा!" म्हणाले.

त्यांचा नियम एकच. पाकळ्या हव्या तेवढ्या काढा, पण गाठ मारायची नाही. टोक ओढलं की सगळं अलगद सुटलं पाहिजे. मी गाठ मारली की हातावर टपली बसायची. "सोडतल्याक मजा येवक होयी गो! सुटाचाच नाय, तर बांधूचा कित्याक?"

माझं लग्न ठरलं तेव्हा वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. रुखवतात मांडायला घरात होतं काय? नारळ, कुळथाची पिठी, सोलं, आंब्याची साटं. मालवणची सासरची माणसं नाकं मुरडतील, लेकीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील, या धास्तीने आईला घास गिळवेना. काका आले आणि त्यांनी ट्रंक उपडी केली. "अक्कानू, रडतास कित्याक? माका कातर दिया."

लग्नाच्या दिवशी मांडवात नारळानारळाला शेंदरी फूल, पिठीच्या डब्याला पांढरं, साटांच्या चवडीला हिरवं! नवऱ्याकडच्या बायका रुखवत बघायला आल्या त्या तिथून हलेनात. सासूबाई नारळ हातात घेऊन म्हणाल्या, "ह्या सोडूक जीव होणा नाय गो माझो!" रुखवतात काय कमी आहे, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आई त्या दिवशी पोटभर जेवली. काकांचे हे उपकार मी कधी विसरणार नाही.

पहिल्या दिवाळीला मी सासरहून काकांना लाडवांचा डबा पाठवला, स्वतः फूल बांधून. एक पाकळी आखूड, दुसरी लोंबती. शिमग्याला मी त्यांच्याकडे गेले तर डबा तसाच फडताळावर, आणि भोवती मुंग्यांची रांग! मावशी कडाडली, "हात लावूक देणा नाय म्हातारो!"

"काकानू, तुमीच म्हणतास मा, सुटाक होया म्हणान?" मी टोक धरलं.

टपल्या मारणाऱ्या त्या हाताने काकांनी माझा हात हळूच बाजूला केला. "रवांदे गो," ते म्हणाले. "माका आजपर्यंत कोणी काय बांधून दिल्यान नाय."

मी टोक सोडून दिलं. ते लाडू शेवटी मुंग्यांनीच खाल्ले. काकांना जाऊन आता वर्षं लोटली, पण माझी कुठली भेट कुणी इतकी जपल्याचं मला आठवत नाही.