चुन्याच्या सुया

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, आईला नाही, आणि पोहरादेवीला जाऊन हात जोडले तेव्हा देवीलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. तुम्ही समोर नाही, एवढंच असेल.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. वाशीम जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी. आज कायम नोकरीत आहे. आठ वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे तास मिळाला तर मास्तर, नाही तर रिकामा. सुनंदाही तशीच. केनवडची, शेतकऱ्याच्या घरची, माझ्यासारखीच. पण ती पीएच.डी. करत होती — आणि कशावर? समुद्रातल्या चुनखडी स्पंजांवर! आमच्याकडे निम्म्या लोकांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलेला, आणि ही बाई दर सुट्टीत कोकणात जाऊन ओहोटीला दगड उलटे करायची. दगडांच्या खालच्या अंगाला हे स्पंज चिकटलेले असतात. पांढरे, तुरीच्या दाण्याएवढे. अंगभर बारीक भोकं. त्यांतून पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाणं गाळायचं आणि वरच्या तोंडातून पाणी सोडून द्यायचं. जन्मभर एवढाच उद्योग.

तिनंच मला ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. अंगात तीन टोकांच्या सुया, चुन्याच्या. हाडंच म्हणा. सुयांच्या आकारावरून जात ओळखायची. सुया नसतील तर तो स्पंज कोण, कुणी सांगू शकत नाही. म्हणून त्यांना चांगल्या स्पिरिटमध्ये ठेवायचं. अॅसिडचा थेंब लागला की सुया फसफसून विरघळतात — हेही तिनंच सांगितलं. काही हातचं राखून ठेवायची सवयच नव्हती तिला.

मग मी असं का केलं? थांबा, सांगतो. आधी माझा राग ऐका, कारण तो अजून गेलेला नाही.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टेबलावर बरण्या मांडतात. पोरांनी बरणीतला प्राणी ओळखून त्याचं नाव लिहायचं. कोणत्या नंबरला कोणती बरणी, हे मी पोरांना आदल्या दिवशी सांगून टाकायचो. सगळेच सांगायचे. सुनंदा नाही सांगायची. तिनं ते विभागप्रमुखांच्या कानावर घातलं. परीक्षा संपली की बाहेरून आलेल्या परीक्षकांना शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण द्यायचं, ही आमची रीत. तिथं पंगतीत, वांग्याची भाजी वाढता वाढता प्रमुख मोठ्यानं म्हणाले, "काहो, तुमी पोराईले सप्पा बरण्या सांगून ठेवता म्हन्ते?" परीक्षक हसले. वाढणारी पोरं हसली. माझ्या हातात रोडग्याचा तुकडा तसाच. पुढच्या वर्षी माझी प्रॅक्टिकलं काढून तिला दिली.

ती खोटं बोलली नव्हती. खोटं बोलली असती तर मी चारचौघांत भांडलो असतो, मोकळा झालो असतो. खऱ्याशी कसं भांडायचं? ते झोंबत राहिलं. वर्गात, बसमध्ये, जेवताना. हिला दाखवतोच, एवढं एकच डोक्यात.

दिवाळीच्या सुट्टीत विभागाच्या संग्रहालयातल्या बरण्यांमधलं, प्राणी टिकवायचं औषध भरून काढायचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं होतं. त्यामुळे कपाटाची किल्लीही. सुनंदाच्या स्पंजांच्या नळ्या त्याच कपाटात, चार वर्षांच्या, प्रत्येकीवर तिच्या सुबक अक्षरात चिठ्ठी. दुपारची वेळ. मी ड्रॉपरनं एकेका नळीत अॅसिड टाकलं. घाई केली नाही. प्रत्येक दाण्याभोवती बुडबुडे उठायचे, मग सगळं शांत. बाहेरून स्पंज जसाच्या तसा, जरासा मऊ पडलेला, बस. शेवटची नळी झाली तेव्हा मी बुचं पुन्हा घट्ट लावली, चिठ्ठ्या सरळ केल्या, आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.

पौषात तिची पीएच.डी.ची समिती बसली. तुम्ही काढलेली सुयांची चित्रं सुंदर आहेत, म्हणाले, आता आमच्यासमोर एक नमुना करून दाखवा. तिनं स्पंजाचा तुकडा काचपट्टीवर ठेवला, त्यावर ब्लीचचा थेंब टाकला. ब्लीचनं मांस विरघळतं आणि सुया मागे उरतात. मांस विरघळलं. मागे काही उरलं नाही. दुसरा केला, तिसरा केला — नुसतं पाणी. मग ही चित्रं कुठून आणली, असं त्यांनी विचारलं. चार वर्षं समुद्रात उभं राहिलेल्या बाईला त्यांनी चित्रं चोरली का म्हणून विचारलं! मी मदतीला म्हणून बाजूलाच उभा होतो. ती काचपट्टी उजेडाकडे धरून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. माझ्याकडेच! म्हणाली, "सर, स्पिरिटच खराब आलं असन काहो?"

"असन," मी म्हणालो.

स्पिरिट चुना खात नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला कळलं होतं. तिनं मला कबूल करायला एक वाट काढून दिली होती, एका वाक्याची, आणि मी त्या वाटेवरून न चालता तिथंच उभा राहिलो. ती कुणाला काही बोलली नाही. त्या उन्हाळ्यात नोकरी सोडून गेली. मला हवं तर म्हणता येईल की मी तेव्हा तरुण होतो. पस्तिशीचा होतो. म्हणून काय?

गेल्या महिन्यात अनसिंगच्या बाजारात ती दिसली. तिथल्याच एका माळवं पिकवणाऱ्या घरात दिलीय तिला. पुढ्यात मेथीच्या जुड्या, हात हिरवे झालेले. मला ओळखलं. मी पर्मनंट झालो हे ऐकलं होतं तिनं. बरं झालं सर, म्हणाली, आणि पिशवीत वरून मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकला.

आता खरा कबुलीजबाब. इथवर तुम्ही धरून चालला असाल की मला पश्चात्ताप होतोय. त्या बाजारात, तिच्या पुढ्यात वाकून पिशवी उचलताना, माझ्या छातीत जे हललं तो पश्चात्ताप नव्हता. मला बरं वाटलं. ती खाली बसलेली, मी उभा — आणि मला अजूनही बरं वाटलं.