मध्यंतराआधीची घंटी

सिस्टर सिनेमाला जायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. झोपायच्या नाहीत. मांडीवरच्या कापडी पिशवीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसायच्या, आणि पडद्यावर घर जळो नाहीतर लग्न लागो, त्यांची पापणी हलायची नाही. शेजारच्या बाईनं एकदा खांदा हलवून विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" सिस्टर म्हणाल्या, "दिवसभर वॉर्डात बघतच असते. इथं ऐकायला आलेय."

पिशवीत टेपरेकॉर्डर असायचा. गाण्यांच्या कॅसेटी बाजारात मिळत, पण सिस्टरना गाण्यांत फार रस नव्हता. नायिका पत्र फाडते तेव्हा मागे काय वाजतं, म्हातारा पायरी उतरतो तेव्हा व्हायोलिन कुठं थांबतं, हे त्यांना हवं असे, आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नसे. म्हणून ड्यूटी संपली की पांढऱ्या साडीतच त्या उल्हासनगरातल्या थिएटरात शिरत. दारावरच्या माणसाची सगळी मुलं त्यांच्या हातांवर जन्मलेली. तो त्यांची पिशवी काय तपासणार?

हे सगळं एकाच संगीतकारासाठी. त्याला आम्ही नुसतं 'वस्ताद' म्हणत असू. अंबरनाथच्या एका शाळेत चित्रकलेच्या वर्गात रविवारी सकाळी आमचं मंडळ जमे. सिस्टर विठ्ठलवाडीहून नवी कॅसेट घेऊन येत, ती दोनदा ऐकायची आणि मग भांडायचं. वस्तादांची व्हायोलिनं चर्चमधली की बंगालातली, ढोल चहाच्या मळ्यातला की लष्करी बँडमधला, यावरून माणसं अबोला धरत. कुणी म्हणालं, की अमुक तुकडा वस्तादांनी परदेशी रेकॉर्डवरून उचललाय, तर मी उसळून म्हणायचो, "कापड कुठलंही असू दे, शिलाई कुणाची ते बोला." सिस्टर मात्र भांडणात पडत नसत. शेवटी एकच वाक्य टाकत: "गाणं म्हणजे वरात. नवरा घरात कसा वागतो ते पार्श्वसंगीतात कळतं." हे लग्न न केलेल्या बाईनं सांगायचं आणि मंडळातल्या झाडून सगळ्या नवऱ्यांनी माना डोलवायच्या.

मी त्या मंडळात शिरलो तो कपाटामागून. हातगाडीवर फळ्या ओढता ओढता मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, सिंधी दुकानांच्या मधोमध, स्वतःचं दुकान उभं केलं होतं. मंडळाला कॅसेटींसाठी कपाट हवं होतं. ते बसवायला गेलो आणि वस्ताद ऐकू आले म्हणून तिथंच टेकलो. बँकेतले राजे, म्हणजे मंडळाचे पंडित, माझ्याकडे वळून म्हणाले, "शेट, तुम्हांला यात काय आवडलं? सनमायका?"

सगळे हसले. माझं डोकं तापायला एवढं पुरतं. सिस्टरनी नुकताच जो तुकडा वाजवला होता तोच मी धरला. मध्यंतराआधीचा प्रसंग: बाप घर सोडून निघतो, बासरी वाजते, विरते, मग शांतता, आणि त्या शांततेत एकच घंटी. टिंग. मी म्हणालो, "बासरी कुणीही रडवील. पण ती घंटी ऐकलीत का? बापानं मागं दार ओढलं आणि कडीला हात लागला. तेवढ्यासाठी आख्खा वाद्यवृंद गप्प केलाय त्या माणसानं."

हसणं थांबलं. राजेंनी चष्मा काढून पुसला आणि "वा" म्हणाले. सिस्टर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी कॅसेट बदलली. मला वाटलं, बाई गारद झाली.

त्यानंतर मी घंटीचा माणूस झालो. राजेंनी शोध लावला की वस्तादांचं बालपण डोंगरात गेलं, तेव्हा ही मठातली घंटा. दुसऱ्या कुणाला ती बैलाच्या गळ्यातली वाटली. मी दोघांनाही उडवून लावत असे. कपाट बघायला आलेल्या गिऱ्हाइकालाही मी ती कॅसेट ऐकवायचो. काही घाबरून कपाट घेत, काही घाबरून निघून जात.

वस्तादांच्या वाढदिवसाला शाळेच्या हॉलमध्ये आमची जाहीर बैठक व्हायची. अंबरनाथ-बदलापूरची शंभरेक माणसं येत. प्रत्येक तुकड्याआधी त्यात कोण काय वाजवतंय ते सांगून तो ऐकवायचा, ही पद्धत. तुकडे निवडताना शेवटचा शब्द सिस्टरचा, कारण टेप त्यांच्या. माझी घंटी त्या हॉलमध्ये वाजावी, एवढी एकच इच्छा मला त्या काळात होती. दुकानावर नाव लागलं होतं, पण रसिक म्हणून कुणी पाटी लावत नाही. ती मला त्या हॉलमध्ये हवी होती.

"सिस्टर, यंदा घंटी."

"नको, शेट."

"मी माझे बाकीचे सगळे तुकडे सोडतो. राजेंचा तो बागेतला रडका तुकडाही चालवून घेतो."

"राजेंचा तसाही घेणार आहे."

"मग शेवटी लावा. माणसं चपला शोधत असतील तेव्हा."

"नाही म्हटलं ना."

"कारण?"

"यंदा नको."

दर वर्षी हेच. मी खुर्ची सरकवून बाहेर पडायचो, जिन्यावरून परत जाऊन दार आणखी एकदा आपटायचो, आणि पुढच्या रविवारी मुकाट्यानं हजर. बाजारात मला कुणी असं 'नाही' म्हटलं असतं, तर मी शेजारच्या दुकानात गेलो असतो. इथं शेजारचं दुकानच नव्हतं. बायकोला मी सांगितलं, की ती बाई माझ्यावर जळते, घंटी आधी मला ऐकू आली म्हणून. बायको म्हणाली, "जळायला तुमच्याकडे आहे काय? कानच ना?"

सिस्टर निवृत्त होऊन बदलापूरजवळ सोनिवलीला नव्या इमारतीत राहायला गेल्या. तोवर आमच्याकडे केबल आलं होतं. एका रविवारी दुपारी तोच सिनेमा लागणार असं कळलं आणि मी शेजारच्या दुकानातल्या मनोहरभाईंना सहकुटुंब बोलावलं. बायकोनं सगळ्यांसाठी भजी तळली. मध्यंतर जवळ आलं तसं मी पंखा बंद केला. पोरांना दटावलं. बाप निघाला. बासरी वाजली, विरली. मी बोट वर केलं.

काहीच वाजलं नाही. 'मध्यंतर' अशी पाटी आली आणि पाठोपाठ साड्यांच्या सेलची जाहिरात.

मनोहरभाई भजी खात म्हणाले, "साईं, घंटी किधर है?"

मी तडक केबलवाल्याकडे गेलो आणि त्यानं घंटी कापली म्हणून त्याची गचांडी धरली. तो म्हणाला, "शेट, मैं वायर देता हूँ, घंटी नहीं देता." मग व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणली. त्यातही नाही. दुसऱ्या लायब्ररीतून आणली. बाप निमूटपणे निघून जात होता आणि घंटी काही वाजत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोनिवलीला गेलो. दार उघडायच्या आधीच मी सुरू झालो होतो. सिस्टर म्हणाल्या, "आवाज हळू. खालच्या मजल्यावर बाळंतीण आहे." पाणी दिलं. मी ऐकवायचं ते ऐकवून दमलो तेव्हा त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली, मूळ कॅसेट काढून लावली. बासरी वाजली, विरली. टिंग. माझ्याकडच्या कॉपीत तुकडा या घंटीवर संपायचा. ही मूळ टेप पुढं चालू राहिली आणि एक माणूस अगदी जवळून म्हणाला, "सिस्टर, थंडा? मँगो की लेमन?"

त्यांनी बटण दाबून टेप थांबवली.

"थंडावाला," त्या म्हणाल्या. "मध्यंतराच्या जरा आधी दारात येऊन उभा राहायचा. बाटलीवर ओपनर मारून बघायचा. मंडळासाठी कॉपी करताना मी बटण जरा उशिरा दाबलं, त्यात ती घंटी राहिली."

"तुम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मला बोलला नाहीत? मी गिऱ्हाइकांना ऐकवलीय ती. त्या मठाबद्दल राजेंशी भांडलोय."

"त्या दिवशी सगळे तुम्हांला हसत होते, शेट. तुम्ही घंटीचं बोललात आणि हसायचे थांबले. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की तो थंडावाला आहे?"

माझा आवाज आणखी चढला. "मग बैठकीत वाजवायला काय झालं होतं? तिथं कुणाला कळणार होतं?"

"वस्तादांच्या नावावर खोटा माल खपवायचा?" सिस्टर म्हणाल्या. मग कॅसेट बाहेर काढत, "छान जागी पडलीय पण. त्यांना सुचायला हवी होती."

मी उठलो. चपला घालताना त्या म्हणाल्या, "यंदा लावू या हवं तर. घंटी कुणाची ते मात्र खरं सांगायचं. तुम्हीच सांगायचं, हॉलमध्ये उभं राहून."

इतकी वर्षं जे मागत होतो ते समोर ठेवलेलं. पण बाजारात मी एक शिकलोय, समोरच्यानं सांगितलेल्या पहिल्या भावाला लगेच हो म्हणायचं नाही. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." खरं तर राजेंचं तोंड डोळ्यांसमोर आलं होतं. रिक्षात बसेपर्यंत माझ्या मनात सौदा सुरू झाला होता, की नाव सांगायचंच, तर थंडावाल्याचं हळू आवाजात सांगू, किंवा राजे हॉलबाहेर असताना सांगू. पुढच्या भेटीत सिस्टरना थोडं खाली आणू, असा हिशेब होता.

पुढची भेट झाली नाही. सिस्टर बैठकीच्या महिनाभर आधी गेल्या. जिच्यापाशी घासाघीस करायची ती बाईच सौद्यातून उठून गेली, आणि हे मी अजून त्यांना माफ केलेलं नाही. त्यांच्या भाच्यानं सगळ्या मूळ टेप मंडळाला आणून दिल्या. त्या मी बनवलेल्या कपाटात बसल्या नाहीत. खण कमी पडले. त्यावर राजे काही बोलले नाहीत, म्हणून मला जास्तच राग आला.

त्या वर्षी बैठकीत तुकडे मी निवडले. शेवटी उभा राहिलो आणि, राजे पहिल्या रांगेत असताना, सांगितलं: "बासरी वस्तादांची. घंटी थंडावाल्याची. गेली कित्येक वर्षं मी तुम्हांला जे शिकवत होतो, ते बाटलीवरचं ओपनर होतं." मागच्या बाजूला कुणी फिसकन हसलं. मी टेप सुरू केली.

बासरी विरली. टिंग. "सिस्टर, थंडा? मँगो की लेमन?" पुढचं मीही कधी ऐकलं नव्हतं, सोनिवलीला त्यांनी तिथंच बटण दाबलं होतं. जरा खरखर झाली आणि वॉर्डात भेटायला आलेल्यांना गप्प करायच्या त्यांच्या त्या दबक्या, ठाम आवाजात सिस्टर म्हणाल्या, "शू. ऐकू दे."

मी टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. बैठकीत एक तुकडा एकदाच वाजवायचा असा नियम होता. तो सिस्टरचा होता. आता हरकत घेणारं कुणी नव्हतं.