४.२-अर्नाळा-२

माझी पहिली गिऱ्हाईकं दोनच: वटारची बागायतदारांची सोसायटी आणि अर्नाळ्याची मच्छीमारांची. दोघांना मी वेळापत्रकाचं एकच पॅकेज दिलं, थोडं थोडं बदलून. वटारला फवारणीचं मशीन कोणाच्या वाडीत कधी जाणार ते हवं होतं, अर्नाळ्याला कुठल्या होडीत बर्फ कधी भरायचा ते. भरती असेल तरच होड्या धक्क्याला लागतात, म्हणून तिथे एक रकाना जास्त. "भरती-बिरती नको, 'पानी' लिव," असं बर्फाचं काम बघणाऱ्या मावशींनी बजावलं होतं. तसंच लिहिलं.

आणि दोन्ही पॅकेजांना नाव काय दिलं? ४.२. नुसतं ४.२! वर स्वतःला मोठी टापटिपीची समजत होते.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी वटारसाठी दुरुस्त केलेली फाईल मी अर्नाळ्याच्या कॉम्प्युटरवर चढवली. दुपारी मावशींचा फोन.

"पोरी, आमचं पानी कुठं गेलं? आनि ही फवारनी कोनाची?"

मला हसू फुटलं, पण पुढचं ऐकून ते तिथेच जिरलं.

"संध्याकालच्या पान्याला बर्फ भरायचाय. नाय जमत तर सांग, आमचा खडू-फलाच बरा."

जुनी फाईल परत टाकणं दहा मिनिटांचं काम. पण पुन्हा असं होणार नाही कशावरून? एकदा फळा आला की माझं पॅकेज कायमचं गेलं. विरारच्या फ्लॅटमध्ये येरझारा घालताना एकदम सुचलं आणि मी चक्क ओरडले. आधी मूळ पॅकेजचा आकडा, मग गाव, मग त्या गावासाठी कितवा बदल तो आकडा! शिवाय फाईलच्या नावात दुसरं गाव दिसलं तर पॅकेज बसूच द्यायचं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लगेच दोन्ही पॅकेजांची नावं बदलली.

स्कूटर दामटत अर्नाळा गाठलं. पाण्याचा रकाना हा पहिला बदल, म्हणून नव्या पॅकेजला दोन आकडा देऊन ते टाकलं आणि मावशींच्या देखत मुद्दाम वटारची फाईल चढवून पाहिली. कॉम्प्युटरने साफ नकार दिला. मी टाळीच वाजवली.

मावशींनी पाण्याच्या वेळा बोटांवर मोजून ताडून घेतल्या. मग पडद्यावरचं नाव सावकाश वाचलं.

"अर्नाला दोन. हे आमचं?"

"तुमचंच, मावशी."

"मंग तीन कधी देतंस? त्यात वारा पन टाक."