चष्म्यातली माल-सुन

डेगू शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात प्यो माल-सुन खोटंखोटं आजारी पडायची. तोच तिचा धंदा. परीक्षेच्या दिवशी पेशंटचे कपडे चढवून कॉटवर कण्हत पडायचं, होऊ घातलेल्या डॉक्टरांना काय दुखतंय ते सांगायचं, आणि प्रत्येकाने घोकून आणलेलं "फार त्रास झाला असेल हो मावशी" ऐकून घ्यायचं. कुणी छताकडे बघत तसं म्हटलं की ती तिथल्या तिथे झापायची, "माझ्याकडे बघून बोल की रे मेल्या!"

मग तिथले प्राध्यापक ताक यांना व्हीआरचं खूळ लागलं. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला की समोर पेशंट हजर! त्यांनी माल-सुनला कॅमेऱ्यांपुढे बसवलं, पित्ताच्या खड्यांचं दुखणं तिच्याकडून वठवून घेतलं आणि गोड हसून म्हणाले, "आता निवांत घरी बसा, मावशी." म्हणजे दिला नारळ! चष्म्यातली बाई बरी. ती पगार मागत नाही आणि कुणाला झापतही नाही.

पुढे एका सकाळी खऱ्या माल-सुनच्याच छातीत आवळायला लागलं. डावा खांदा ठणकतोय, जबडा दुखतोय, अंग घामाने निथळतंय. ती कशीबशी त्याच कॉलेजच्या इस्पितळात पोचली. तिला बघून नवा डॉक्टर बांग खुललाच.

"अरेच्चा, मावशी तुम्ही! चष्म्यात किती वेळा तपासलंय तुम्हाला!" असं म्हणत या शहाण्याने थेट उजव्या बरगडीखाली बोटं रोवली. "इथंच ना? डुकराचं मटण खाल्ल्यावर?"

"अरे, तिथं तिला दुखतं! मला इथं दुखतंय, छातीत!"

"फार त्रास झाला असेल हो मावशी," बांग म्हणाला आणि पोटाची सोनोग्राफी लिहून चालू लागला.

आता या दीडशहाण्यापुढे कपाळ फोडायचं का? खरं सांगून कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माल-सुनने डोळे फिरवले, किंकाळी फोडली आणि कॉटवरून धाडकन खाली पडली. निव्वळ नाटक! पण तेव्हा कुठे नर्स धावत आली, ईसीजी काढला आणि सगळ्यांची तंतरली. हार्ट अटॅक होता.

ती सावरल्यावर प्राध्यापक ताक भेटायला आले, ज्यूसच्या बाटल्यांचा खोका घेऊन.

"काय पडलात म्हणे मावशी! हृदयाची केस नाहीच आमच्याकडे. घेऊया का रेकॉर्ड करून?"

"मरायला टेकले होते मी!" माल-सुन कडाडली. "तुमच्या चष्म्यातली बाई मरते तरी का हो कधी?"

"मरते ना, पुष्कळदा मरते," ताक तिची समजूत घालत म्हणाले. "बटण दाबलं की उठून बसते."