कटुर्ल्याची नर वेल

आत्याबाई जालन्याला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा दोन गोष्टींना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एक, गावच्या घराची किल्ली. ती त्यांच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली असायची. दुसरा, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक कंद. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर मंठ्याकडच्या आमच्या गावात त्या एकट्याच राहत होत्या. त्या उन्हाळ्यात अंगणात पाय घसरून पडल्या आणि शेजारीण सहज डोकावली म्हणून बरं, नाहीतर दुपारपर्यंत तशाच पडून राहिल्या असत्या. दुसऱ्याच दिवशी माझा नवरा गाडी घेऊन गेला आणि त्यांना घेऊन आला.

कंद कटुर्ल्याचा होता. काही जण करटोली म्हणतात. अंगावर मऊ काटे असलेली, पावसाळ्यात बांधावर आपली आपण येणारी रानभाजी. सासऱ्यांनी ती वेल बांधावर वर्षानुवर्षं जपली होती, कुणाचं कुदळफावडं लागू दिलं नव्हतं. जालन्यातल्या मस्तगड भागातल्या आमच्या घरामागे अंगण म्हणायला लाज वाटावी एवढीच जागा. धुण्याचा दगड, पाण्याची टाकी आणि भिंतीलगत मातीचा एक पट्टा. त्या पट्ट्यात आत्याबाईंनी कंद पुरला, कुठून तरी मिळवलेलं शेणखत वर घातलं आणि हात धुऊन स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं,

"ही वेल हितं फळली तं मी बी हितं राहीन. न्हाई फळली तं दिवाळीच्या आत आम्ही दोघी गावाला."

"आत्याबाई, वेलीवर कशाला ढकलता?" मी म्हणाले.

"मंग कुणावर ढकलू? तुमच्यावर? तुम्ही तं राहाच म्हणणार."

नवरा हसला. मला हसू आलं नाही, कारण आत्याबाई बोलल्या की करतात हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि त्या मला हव्या होत्या. शाळेतून दमून आले की त्या चहा टाकायच्या आणि दिवसभरात गल्लीत कोण कुणाशी भांडलं ते तिखटमीठ लावून सांगायच्या. उलट कुणाचं भांडण नसलं तर त्या चिडायच्या. ही बाई तिकडे एकटी, पुन्हा पडली तर हाक ऐकायला कुणी नाही, हे माझ्या मनातून जायचं नाही.

पाऊस पडला तसा कंद फुटला. वेल खिडकीच्या गजांवरून टाकीवर गेली आणि श्रावणात फुलली. दिवे लागायच्या सुमारास पिवळी फुलं उघडायची. प्रत्येक फुलामागे बोटाच्या पेरापेक्षा लहान, काटेरी कटुर्लं दिसायचं. आत्याबाई रोज संध्याकाळी खुर्ची टाकून तिच्यासमोर बसायच्या. चार दिवसांत ती इवलीशी कटुर्ली पिवळी पडायची आणि गळायची. पुन्हा फुलं, पुन्हा तेच. मी पाणी कमी करून बघितलं, नवऱ्याने कुणाला तरी विचारून औषध आणलं. एका सकाळी आत्याबाईंनी आपली लुगडी घडी करून पिशवीत रचायला घेतली.

"काय करून राह्यल्या?" मी त्यांच्यासारखंच विचारलं, म्हणजे हसतील.

"काही न्हाई. तिला हितलं पाणी मानवंना. मला तरी कसं मानवावं?"

त्या रविवारी मी वडीगोद्रीला भावाकडे गेले. काम काही नव्हतं, मन रमत नव्हतं एवढंच. संध्याकाळी भाऊ कुदळ घेऊन बांधावर निघाला तशी मीही मागे गेले. बांधावर कटुर्ल्याच्या वेली होत्या. तो त्यातल्या निवडून निवडून काही उपटत होता.

"अरे, चांगल्या फुललेल्या वेली काहून काढतोस?"

"वांझ हायेत, अक्का. नुसत्याच फुलत्यात. एक कटुर्लं देत न्हाईत अन् जागा खात्यात."

मी एक फूल खुडून उलटं केलं. मागे नुसता देठ. कटुर्लं नव्हतंच. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं, तसंच. दरवर्षी मी वर्गात फळ्यावर भोपळ्याचं नर फूल आणि मादी फूल काढून दाखवते. पण भोपळ्याची दोन्ही फुलं एकाच वेलीवर येतात. कटुर्ल्यात नराची वेलच वेगळी असते आणि मादीची वेगळी, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आत्याबाईंच्याही नाही. बांधावर दोन्ही शेजारी असायच्या, पाखरं नि किडे आपलं काम करायचे, कुणाला विचार करायची वेळच आली नाही. आमच्या टाकीवरची बिचारी एकटी होती. मला इतका आनंद झाला की मी भावाच्या हातातली कुदळ ओढूनच घेतली.

"नर आहेत ते, वेड्या! एक मला दे."

"नर असू न्हाई तं मादी, घेऊन जा. मला तं बांध साफ करायचाय."

त्याने कंद मातीसकट काढून दिला. नराची फुलं मी ओल्या फडक्यात ठेवून स्टीलच्या डब्यात भरली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले. कंद मांडीवर, डबा हातात. शेजारच्या बाईने डब्यात काय आहे म्हणून विचारलं. मी म्हणाले, "नवरदेव." ती जरा सरकून बसली.

घरी आल्यावर आत्याबाईंनी डबा उघडला, एक फूल नाकाजवळ नेलं, मग नखाने उकलून बघितलं. क्षणभरात त्यांचा चेहराच पालटला.

"अगं माय! हिला क्रॉसिंग पाहिजे व्हती!"

आमच्या भागात हा शब्द बायांच्या तोंडी आपल्या पोरांच्या नावासारखा असतो. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर आत्याबाईंनी कितीतरी हंगाम काढले होते. दुपारनंतर मादीच्या ओळीतल्या कळ्या सोलायच्या, आतले नराचे केसर अंगठ्याच्या नखाने काढून टाकायचे. सकाळी नराच्या ओळीतली फुलं तोडून आणायची आणि सोललेल्या कळ्यांवर एकेक फिरवायची, हीच क्रॉसिंग. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख त्या वाढवायच्या, आणि काम सुटून इतकी वर्षं झाली तरी ते नख त्यांनी कापलं नव्हतं. डोळ्यांनी आता कमी दिसायचं, पण त्या दिवशी त्यांनी चष्मासुद्धा मागितला नाही. टाकीवरच्या वेलीची आदल्या संध्याकाळची फुलं अजून मिटायची होती. त्यांनी नराच्या फुलाच्या पाकळ्या मागे मुडपल्या, आतली पिवळी भुकटी मादीच्या फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवली.

"दाबायचं न्हाई. बाळाला टिकली लावल्यावानी लाव. बराबर. आता धागा दे."

"धागा कशाला?"

"कोणतं झालं अन् कोणतं राह्यलं, कसं कळंल? प्लॉटवर बांधतेत."

माझ्या जुन्या साडीच्या काठाचे लाल दोरे काढून आम्ही देठांना बांधले. संध्याकाळी नवरा कामावरून आला, वेलीकडे बघून म्हणाला, "हिला काय नजर लागली का?" आत्याबाई त्याला म्हणाल्या, "तू तिकडं हो, सावली पडून राह्यली."

लाल दोऱ्याची कटुर्ली गळली नाहीत. ती फुगली, हिरवीगार झाली, काटे टरारले. नराचा कंद आम्ही रंगाच्या जुन्या डब्यात लावला होता. तोही थोडे दिवस मान टाकून पुन्हा उभा राहिला आणि फुलला, तशी आमची रोजची क्रॉसिंग सुरू झाली. संध्याकाळी मी वह्या बाजूला ठेवायचे आणि आम्ही दोघी टाकीपाशी. पहिली भाजी झाली, कांदा आणि शेंगदाण्याचा कूट घालून. आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे पुसले. "कांदा लई तिखट," म्हणाल्या. पिशवीतली लुगडी पुन्हा कपाटात गेली. किल्ली मात्र पदरालाच होती.

दसरा जवळ आला तेव्हाची गोष्ट. शाळेतून आले, टाकीकडे गेले, तर रंगाचा डबा रिकामा. माती उकरलेली, वेल नाही, कंद नाही. आत्याबाई शांतपणे ओटा पुसत होत्या.

"नराची वेल कुठे गेली?"

"काढली. घंटागाडीत देली टाकून."

माझं डोकंच फिरलं. मांडीवर घेऊन आणलेला कंद! मला वाटलं, यांनी जायचं ठरवलं आहे आणि ही निरवानिरव चालली आहे. "जायचं असेल तर सरळ सांगा ना," मी ओरडलेच, "वेलीवर कशाला राग काढता?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी काहून जाईन? क्रॉसिंग संपली ना. संपली की नर उपटायचाच असतो. न्हाई उपटला तं बियात भेसळ होती, कंपनीचा साहेब प्लॉट पास करत न्हाई..."

बोलता बोलता त्या थांबल्या. आमच्याकडे ना प्लॉट होता, ना साहेब. कपाशीचा नर दरसाल नवा पेरतात. हा कंद वर्षानुवर्षं टिकणारा, पुढच्या पावसात पुन्हा फुटणारा. हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. पण हातांनी हंगामाच्या शेवटी जे नेहमी केलं तेच केलं होतं. त्या तिथेच खाली बसल्या.

मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अक्का, त्या तं कवाच काढल्या. बांध बिलकुल साफ केलाय." आत्याबाईंनी ते ऐकलं.

"मला काही कळंना झालंय आता," त्या म्हणाल्या. "आज वेल उपटली, उद्या गॅस चालू ठेवीन. मला गावाला पोचवून दे, माय. तिथं कुणाचं नुकसान व्हनार न्हाई."

वेल फळूनही त्या जाणार होत्या. मी मघाशी ओरडले नसते तर, असं मनाला लागून राहिलं. मी त्यांचा हात धरला. अंगठ्याच्या नखात अजून माती होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "तुम्ही गेलात तर मी कुणाशी बोलू?" एवढंच म्हणाले. रात्री त्या जेवल्या नाहीत.

सकाळी उठून बघते तर आत्याबाई टाकीपाशी उभ्या. भाजीसाठी न तोडता त्यांनी काही कटुर्ली वेलीवरच पिकू दिली होती. ती नारिंगी होऊन तडकली होती आणि आतला गर लालभडक दिसत होता. त्या नखाने एकेक बी सोडवून ताटलीत ठेवत होत्या.

"कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून राख आण वंजळभर," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बी राखंत चोळून सावलीला वाळवायचं. अन् रंगाचे डबे गोळा कर, जेवढे भेटतील तेवढे."

"एवढे कशाला?"

"यातलं नर कोणतं अन् मादी कोणती, फुलल्याबिगर सांगता येत न्हाई. पुढल्या पावसात लावायचं. त्या साली फुललं तं फुललं, न्हाई तं त्याच्या पुढल्या. नर निघंपतूर नजर ठेवायला कुणी पाहिजे का न्हाई? तुला तं शाळा हाय."

मी राख आणायला धावतच गेले. इस्त्रीवाल्याला वाटलं घरात काहीतरी झालं.

बी वाळल्यावर संध्याकाळी नवरा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि दारामागच्या खिळ्याकडे बघून थबकला.

"ही किल्ली कुणाची?"

"गावच्या घराची," आत्याबाई म्हणाल्या. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, दातांनी घट्ट करत होत्या. "राहू दे तिथंच. पदरात आता बी बांधलंय."